घरच्या चायनीजसाठी नूडल्स कुठले घेता? आणि हवे ते मिळालेच नाहीत तर?

कढईतली_वाफ
मंडळी, इथे हक्का नूडल्सच्या कृती ढिगाने आहेत पण सगळ्यांची पहिली ओळ "नूडल्स उकडून घ्या" अशी, कुठले नूडल्स ते कोणी लिहीत नाही म्हणून हा वेगळा धागा काढतेय. आम्ही पुण्याहून जर्मनीत आलोय, थुरिंगियात, गाव लहान आहे. पुण्यात प्रश्नच नव्हता, कोपऱ्यावरच्या दुकानात हक्का नूडल्सचं पाकीट मिळायचं, उकडलं, तेल चोळलं, कढईत टाकलं. इथे सुपरमार्केटात एशियन म्हणून अर्धा रॅक असतो त्यात मी-नूडेल्न नावाच्या चौकोनी वड्या, मुगाच्या स्टार्चचे पारदर्शक नूडल्स आणि तांदळाचे रुंद पट्टीचे, संपलं. गावात एक आशिया-लाडेन आहे, मालकीणबाई व्हिएतनामी, तिच्याकडे फ्रीजमध्ये पिवळे ताजे नूडल्सही असतात चारपाच प्रकारचे, पण पाकिटावर सगळं चिनी आणि वर जर्मन स्टिकर, त्यावर नुसतं "गव्हाचे नूडल्स". तिचं जर्मन आणि माझं जर्मन दोन्ही जेमतेम, त्यामुळे चर्चा हातवाऱ्यांवर.
मला हवंय ते साधं आहे, गाडीवर मिळतात तसे सुटसुटीत, जरा चिवट, भाज्यांबरोबर परतले तरी न तुटणारे. मी केले की शेवटी गोळा होतो. नूडल्स चुकतायत का हात चुकतोय? आणि सासूबाई येणारेत श्रावणात, त्या अंडं खात नाहीत, तेही बघायचंय.

तिखटमीठ
पहिली मी :) वाफताई, वड्याच घे त्या. मी हॅम्बुर्गला होते तेव्हा वर्षानुवर्षं त्याच वापरल्या. साधा मैदा, पाणी, मीठ असतं, आपल्या हक्काच्या पाकिटात दुसरं काय असतं? फक्त पाकिटावर लिहिलेली वेळ विसर, चार मिनिटं लिहिलं असेल तर अडीचला काढ, उरलेलं कढईत शिजतं.

कोलंबसचा_कोल्हापुरी
ओहायोतून रामराम. इथे अमेरिकेत एक गंमत आहे ती आधीच सांगतो म्हणजे इकडचं कोणी वाचत असेल तर फसायला नको. ग्रोसरीत "चाऊमीन नूडल्स" म्हणून जे डबे किंवा पिशव्या मिळतात ते तळलेले कुरकुरीत असतात, सॅलडवर किंवा वरून भुरभुरायचे, चायनीज भेळेला एकदम झकास पण परतायला शून्य उपयोग. परतायचे हवे असतील तर एशियन दुकानात फ्रीजकडे जायचं, तिथे लो मेन लिहिलेलं जाड पिवळं पाकीट असतं नाहीतर "हाँगकाँग स्टाइल पॅन फ्राइड" असं बारीक. दोन्ही चालतात.

कढईतली_वाफ
तिखटमीठ, अडीच मिनिटं करून बघते. कोल्हापुरी, फ्रीजमधल्या पाकिटांत नेमकं बघायचं काय? इथे "पॅन फ्राइड" वगैरे काही लिहिलेलं नसतं हो.

लसूणपात
वाफताई, नाव वाचता येत नसेल तर डोळ्यांनी आणि बोटांनी ओळख, मी सिंगापूरला राहते, इथे ओल्या बाजारात नूडल्सच्या गाळ्यावर सगळे उघडेच मांडलेले असतात त्यामुळे पाकीट वाचायची वेळच येत नाही.
बारीक, मॅट दिसणारे आणि पीठ भुरभुरवलेले असतील तर ते कच्चे, वाँटन नूडल्स म्हणतात त्यांना, सूपसाठी, उकळत्या पाण्यात मिनिटभर पुरतात. हे थेट कढईत टाकलेस तर पीठ सुटून लगदा होणारच. तसेच बारीक पण पीठ नसलेले, वाफवून जरा कोरडे केलेले, हातात घेतले तर विस्कटलेल्या लोकरीच्या लडीसारखे, ते परतायचे, त्यांना गरम पाण्यातून काढून निथळून लगेच तव्यावर. जाड, पिवळे, तेलकट चकाकणारे ते होक्किएन, अर्धवट शिजवलेले असतात, नुसतं गरम पाणी ओतून तेल धुवायचं. जाड पांढरे, पिवळेपणा अजिबात नाही ते शांघाय पद्धतीचे, चवीला छान पण आपल्याला गाडीची चव हवी असेल तर ते नकोत. आणि उदोन तर विसरच, तो फार जाड.
थोडक्यात पीठ दिसलं की उकड, तेल दिसलं की धू.

मेलबर्नी_माई
लसूणपातला पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे ऑस्ट्रेलियात साध्या सुपरमार्केटातही होक्किएन व्हॅक्यूमच्या पाकिटात मिळतात, मुलं दोन्ही तेच मागतात. एकच सूचना, ते पाकिटातून काढून हाताने सोडवायला जाऊ नये, तुकडे पडतात, बोलमध्ये टाकून वरून किटलीचं पाणी ओतायचं, दोन मिनिटांनी काट्याने हलवलं की आपोआप सुटतात.

बंड्या_डोंबिवलीकर
सगळे परदेशातलेच बोलतायत म्हणून मध्ये तोंड घालतो. माझ्या मामाची चायनीजची गाडी होती स्टेशनबाहेर, कॉलेजला असताना मी संध्याकाळी तिथेच असायचो. गाडीवरचे नूडल्स कुठले आयातीचे नसतात हो, लोकल कारखान्यातले मैद्याचे, मोठ्या पिशवीत किलोवर यायचे, ब्रँड-बिंड काही नाही. जादू नूडल्समध्ये नसते, दुपारी असते. दुपारी दोन-तीनला मोठ्या टोपात उकडायचे, जरा कच्चे असतानाच झारीत काढायचे, वरून थंड पाण्याचा मारा, पूर्ण निथळू द्यायचे, मग तेल लावून मोठ्या ताटात पसरून पंख्याखाली. संध्याकाळी गिऱ्हाईक येईपर्यंत वरून एकदम कोरडे झालेले असायचे. ते कोरडे असतात म्हणून मोठ्या आचेवर चिकटत नाहीत. घरी लोक काय करतात, चाळणीतून वाफाळते नूडल्स थेट कढईत, त्याला लागलेलं पाणी कढईत उतरतं, आच पडते, मग ते परतणं राहत नाही उकडणं होतं. वाफताईंचा गोळा तिथून येतोय असं माझं मत.

तिखटमीठ
बंड्या हे सोन्याने लिहून ठेवण्यासारखं आहे. आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये उघडे ठेवले तरी हाच परिणाम मिळतो, मी तेच करते. शिळ्या भाताचा फोडणीचा भात चांगला होतो तेच कारण.

रसायनवाला
कोरडेपणा बरोबर, पण चिवटपणाचं कारण वेगळं आहे आणि तिथे नूडल्सची निवड महत्त्वाची ठरतेच, त्यामुळे बंड्याशी अर्धाच सहमत.
पिवळे चिनी नूडल्स पिवळे असतात ते दर वेळी अंड्याने नाही. त्यांच्या पिठात क्षार घातलेला असतो, सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेटचं मिश्रण, जपानीत त्याला कानसुई म्हणतात आणि रामेनमध्येही तेच. क्षारामुळे दोन गोष्टी होतात, ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी आवळली जाते त्यामुळे नूडल ताणला तरी परत येतो आणि पटकन लगदा होत नाही, आणि मैद्यात मुळात असलेली काही द्रव्यं क्षारात पिवळी पडतात. म्हणून अंडं नसलेले नूडल्सही पिवळे दिसू शकतात. वाफताई, सासूबाईंसाठी ही चांगली बातमी पण रंगावर विसंबू नका, पाकीट वाचाच. युरोपियन युनियनमध्ये ॲलर्जीचे घटक यादीत ठळक छापायची सक्ती आहे, तेव्हा स्टिकरवर अंड्याचा जर्मन शब्द (आय, अनेकवचनी आयर) ठळक दिसतो का तेवढं बघा. "आयर-नूडेल्न" असं नावातच असेल तर त्यात अंडं आहेच, ते पाकीट सोडा. आणि सोबत ऑयस्टर सॉस वापरत असाल तर तो कालवांचा असतो, मशरूमचा शाकाहारी मिळतो तो आणा.
तर निवडताना यादीत सोडियम कार्बोनेट, पोटॅशियम कार्बोनेट किंवा ई ५००, ई ५०१ हे आकडे दिसले की ते पाकीट उचला. ते नसतील आणि अंडंही नसेल तर तो मैद्याचा साधा नूडल, परतताना जपून.

कढईतली_वाफ
रसायनवाला काका (काकाच आहात ना?) हे फार कामाचं आहे, आत्ता घरातलं पाकीट बघितलं, त्यात ई ५०० आणि ई ५०१ दोन्ही आहेत! म्हणजे नूडल्स बरोबर आहेत, बंड्या म्हणतो तसं पाणीच नडतंय. मी चाळणीतून थेटच टाकते. अंडं नाहीये.

रसायनवाला
काकाच. चुलत आजोबाही झालोय.

सोलापूरची_चादर
मला आशिया-लाडेन वगैरे काही नाही, मी फ्रान्समध्ये एका खेड्यात, जवळचं शहर तासभर लांब. इथे फक्त स्पॅगेटी. स्पॅगेटीचे हक्का नूडल्स केले की सगळे म्हणतात छान झालाय पास्ता. काही उपाय?

कोलंबसचा_कोल्हापुरी
आहे उपाय. पास्ता खायच्या सोड्याच्या पाण्यात उकड. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो पण चालतं. जाड स्पॅगेटी नको, स्पॅगेटिनी किंवा त्याहून बारीक कॅपेलिनी घे. एक लिटर पाण्याला एक टेबलस्पून बेकिंग सोडा, मीठ कमी कर कारण सोडाच खारट. पातेलं मोठं घे, पाणी सणसणून फेसाळत वर येतं आणि शेगडीवर सांडलं की पुढचा तास घासण्यात. शिजायच्या मिनिटभर आधी काढ आणि गार पाण्याने नीट धू नाहीतर साबणासारखी चव मागे राहते.

रसायनवाला
यामागे तोच क्षार आहे. आणि सोड्याचा जोर वाढवायचा असेल तर तो आधी भाजता येतो. बेकिंग सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ट्रेमध्ये फॉइलवर पातळ पसरून १२० ते १५० अंशाला तासभर ओव्हनमध्ये ठेवला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. दिसायला तसाच पांढरा राहतो पण वजन तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच घटतं, त्यावरून झालं की नाही ते कळतं. हा सोडा हाताला आणि डोळ्याला झोंबतो, चमच्यानेच घ्यायचा, घट्ट बरणीत ठेवायचा आणि बरणीवर मोठ्ठं नाव लिहायचं. पास्त्याच्या पाण्यात हा वापरलात तर टेबलस्पून नाही, चहाचा एक चमचा पुरे.
जर्मनीवाल्यांना वेगळं सांगतो, तिकडे नाट्रोन म्हणून मिळतो तो खायचा सोडा. सफाईच्या रॅकवर जो नुसता सोडा लिहिलेला असतो तो धुण्याचा, रासायनिक सूत्र भाजलेल्या सोड्याचंच असलं तरी तो खाण्यासाठी बनवलेला नसतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

वरणभात_तूप
इतकं सगळं करण्यापेक्षा मॅगी घ्या ना, मसाल्याची पुडी फेकून द्या. मी तर तेच करतो.

तिखटमीठ
वरणभात, पुडी फेकायची नाही हं, बटाट्याच्या भाजीत टाकायची.

रसायनवाला
त्यात वाईट काही नाही. इन्स्टंट नूडल्स वाफवून मग तेलात तळून वाळवलेले असतात, १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकु आंदोंनी ते बाजारात आणले तेव्हापासून युक्ती तीच. म्हणजे ते आधीच शिजलेले. फक्त तळलेले असल्याने आत बारीक बारीक पोकळ्या असतात, सॉस शोषतात आणि फुगतात. उकळत्या पाण्यात वडी सुटेपर्यंतच ठेवायची, लगेच गार पाणी, आणि सॉस शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालायचा. लगेच खाणार असाल तर उत्तम, डब्यात नेणार असाल तर नको.

अकोल्याची_सून
कोणी घरी करत नाही का? आमच्याकडे सासूबाईंचं शेवयांचं मशीन आहे, हाताने फिरवायचं, बाजेला स्क्रूने आवळून बसवतात ते. त्यातून आम्ही नूडल्स काढतो. उन्हाळ्यात शेवया झाल्या की जाळी बदलायची, शेवयांची फार बारीक असते, त्याच्या पुढची जाड घ्यायची. अर्धा किलो मैदा, एक चमचा मीठ, एक चमचा पापडखार पाण्यात विरघळवून, आणि पाणी पाव लिटरपेक्षा कमीच, पीठ इतकं घट्ट की पहिल्यांदा वाटतं हे मळलंच जाणार नाही. ओल्या फडक्यात तासभर ठेवलं की सरळ येतं. मग मशीनमधून काढायचं, कॉर्नफ्लॉवर भुरभुरवायचं, आणि ताजे असतानाच उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं. वर रसायनवाला काकांनी क्षाराचं लिहिलंय ते वाचून आत्ता कळलं की पापडखाराने ते पिवळट का होतात, सासूबाई तर म्हणायच्या घाल म्हणजे तुटत नाही, बस.

रसायनवाला
अकोल्याची सून, सासूबाईंना साष्टांग नमस्कार. पापडखार म्हणजे तेच कुटुंब, सोडियमचे क्षार. उडदाच्या पापडाचं पीठ पापडखाराने लवचीक होतं ना, लाटीला ताण येतो, तेच काम इथे ग्लुटेनवर. फक्त पाकिटागणिक पापडखाराचा जोर वेगळा असतो, काहींत बायकार्बोनेट जास्त, काहींत कार्बोनेट. म्हणून अर्धा किलोला एक सपाट चमचा इतकाच, त्यापुढे गेलात तर कडवट लागतं.
पाणी मैद्याच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के धरा. अर्ध्या किलोला १९० मिली म्हणजे मधोमध. आणि वाफताई, तिकडे घरी करायचे झाले तर ४०५ नंबरचं केकचं पीठ नको, ५५० घ्या, त्यात प्रोटीन जरा जास्त असतं.

सोलापूरची_चादर
बाजेला आवळून बसवायचं मशीन मी खेड्यातल्या फ्रेंच सोफ्याला कसं बसवू ते सांगा आता.

अकोल्याची_सून
टेबलाला बसतं की. खाली वर्तमानपत्र घाल, कडा खराब होतात :)

मालवणची_लाट
तांदळाच्या नूडल्सबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. आमच्या घरात एकाला गहू चालत नाही, डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलाय. आमच्याकडे शिरवाळे होतात, तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून गरम गरम साच्यातून दाबायचे आणि नारळाच्या गोड रसात खायचे. ते शिरवाळे परतून चायनीज करावं असं मुलाच्या डोक्यात आलं. होतं का?

लसूणपात
ताजे शिरवाळे परतले तर तुटणार, तांदळात ग्लुटेन नाही त्यामुळे ताण नाही. एक करता येईल, दाबल्यावर पूर्ण गार होऊ दे, फ्रीजमध्ये रात्रभर, स्टार्च घट्ट होतो, मग भाज्या आधी परतून बाजूला काढायच्या, कढईत तेल तापवून शिरवाळे पसरायचे, हलवायचे नाहीत, खालून खरपूस झाले की उलथायचे. सुटे नूडल्स नाही मिळणार, कुरकुरीत थर मिळेल, त्यावर भाज्या. मला तर ते जास्त आवडतं.
नाहीतर वाळलेल्या तांदळाच्या पट्ट्या आण, उकळू नको, कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, वाकतील पण मधे टणक राहतील इतपत, मग कढईत थोडं पाणी शिंपडत परत. आणि गहू बंद आहे म्हणजे सोया सॉसही बघ, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, गहू नसलेलं तामारी मिळतं पण त्याच्याही बाटलीवर वाच. सोबा नूडल्स बकव्हीटचे (कुट्टूचे) म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा गहू मिसळलेला असतो, त्याला भुलू नको.

मालवणची_लाट
सोया सॉसचं लक्षातच आलं नव्हतं, आभार गो.

आडवळणी
व्हिएतनामी दुकानावरून आठवलं. मी लाइपझिगला शिकायला होतो. पूर्व जर्मनीत आशिया-लाडेन म्हणजे बहुतेक व्हिएतनामी लोकांचंच, त्याला कारण आहे, १९८० च्या करारानंतर जीडीआरने, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीने, व्हिएतनाममधून कामगार आणले, बर्लिनची भिंत पडली तेव्हा साठ हजारांच्या आसपास होते, कारखाने बंद पडले आणि राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी फुलांची, भाज्यांची, कपड्यांची दुकानं टाकली. म्हणून वाफताई तुमच्याकडे तांदळाच्या नूडल्सची रांग लांबलचक असणार आणि गव्हाच्या कमी. त्यातले गोल बारीक बुन लिहिलेले असतात ते सूप आणि सॅलडचे, परतले की तुकडे होतात, परतायला चपटे बान्ह फो घ्या. लाइपझिगला आणि बर्लिनच्या लिश्टेनबर्गला डोंग शुआन सेंटर आहे, मोठ्या शेड्सच्या शेड्स, तिथे एकदा पोतंभर खरेदी करून ठेवायची. वाळलेले नूडल्स वर्षभर राहतात, काही होत नाही.

कढईतली_वाफ
आडवळणी, मालकीणबाई ऐंशीच्या दशकातच आलेली आहे, एवढं हातवाऱ्यांतूनही कळलंय मला. लाइपझिग ट्रेनने जमण्यासारखं आहे.

खवय्या_नं_१
मी जरा वेगळा सूर लावतो, रागावू नका. तुम्ही सगळे जे शोधताय ते चायनीज आहे का? चीनमध्ये शेजवान चटणी घालून कोणी नूडल्स खात नाही. चायनीज करायचं तर चायनीज करा.

बंड्या_डोंबिवलीकर
आलात का! वाफताईंनी पहिल्याच पोस्टीत "गाडीवर मिळतात तसे" लिहिलंय, बीजिंगसारखे नाही लिहिलं.

आडवळणी
खवय्या, गाडीवरचं चायनीज हवेतून पडलेलं नाही. कोलकात्यात चीनमधून आलेले हक्का लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, तिथल्या टांग्रा भागात त्यांचे कातडी कमावायचे कारखाने होते, तिथेच खानावळी निघाल्या, हक्का नूडल्स हे नाव त्यांच्यावरूनच. मुंबईत नेल्सन वँग हे शेफ कोलकात्याहून आले, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात असताना १९७५ मध्ये त्यांनी चिकन मंचुरियन केलं असं सांगतात, आलं-लसूण-मिरची आपली, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर त्यांचं. चिनी माणसांनीच भारतीय गिऱ्हाइकासाठी केलेलं जेवण आहे हे, त्याला नकली म्हणायचं असेल तर म्हणा.

खवय्या_नं_१
नकली नाही म्हटलं हो. बरं, माघार. मंचुरियन मलाही आवडतं.

कढईतली_वाफ
भांडू नका, प्रश्न शेगडीचा आहे आता. माझ्याकडे सेरान आहे, काचेची सपाट इलेक्ट्रिक. गोल बुडाची कढई त्यावर डुगडुगते आणि तापत तर नाहीच. गाडीवर ज्वाळा कढईच्या वर येतात.

बंड्या_डोंबिवलीकर
ती आच घरात कुठल्याच शेगडीवर येत नाही, गॅस असला तरी. घरचा मोठा बर्नर तीन किलोवॅटच्या आसपास, हॉटेलातला त्याच्या पाच-दहापट. म्हणून एकच मार्ग, एका वेळी कमी करायचं. चार माणसांचं एकदम टाकलं की कढई गार पडली म्हणून समजा. दोन माणसांचे दीडशे-दोनशे ग्रॅम वाळलेले नूडल्स, तेवढाच एक घाणा, मग दुसरा.

तिखटमीठ
आणि सेरानवर कढई नको गं, सपाट बुडाचा बिडाचा तवा घे. पाच मिनिटं रिकामा तापव. कोबी सिमला मिरची आधी मोठ्या आचेवर परतून काढून घे, तिकडे टोकदार कोबी मिळतो ना, श्पित्सकोल, तो घे, आपल्या कोबीपेक्षा पानं कोवळी असतात, मिनिटात होतो. मग तव्यात परत तेल, लसूण, नूडल्स पसर आणि हात बांधून उभी राहा. हलवायचं नाही! खालून खरपूस वास आला की मग उलथ. सॉस वाटीत आधीच कालवून ठेव, एक मोठा चमचा साधा सोया, चहाचा चमचा डार्क सोया रंगाला, चिमूट साखर, पांढरी मिरी. तो कडेने सोड, मधे नाही, तापलेल्या लोखंडावर सॉस जळतो थोडासा, तो वास म्हणजेच गाडीचा वास. भाज्या परत टाक, बंद कर, पात आणि तिळाचं तेल शेवटी.

मेलबर्नी_माई
पांढरी मिरी संपली असेल तर काळी चालते, पण व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या पाहिजेतच बाजूला.

वरणभात_तूप
व्हिनेगरमधल्या मिरच्यांसाठी वेगळा धागा काढा कोणीतरी.

कढईतली_वाफ
केले काल. मी-नूडेल्नच, अडीच मिनिटं, गार पाणी, तेल, ताटात पसरून खिडकीशी ठेवले दुपारभर. बिडाचा तवा शेजारच्या आजींकडून आणला. सुटे झाले! लेक म्हणाली पुण्यासारखे नाहीत पण "ठीक आहेत", तेरा वर्षांच्या मुलीकडून एवढं म्हणजे पुरस्कारच. सोया सॉस कडेने सोडला तेव्हा धूर झाला आणि स्मोक अलार्म वाजला, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, त्यांनाही एक बोल दिला.
आता एक उरलंय, सासूबाई आल्या की आठवड्यातून दोनदा फर्माइश होणार, उकडून तेल लावलेले किती दिवस ठेवता येतात?

लसूणपात
फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस. त्यापुढे फ्रीजर, एकेका माणसाचं वेटोळं करून पिशवीत सपाट. बाहेर काढून वितळवायचे नाहीत, गोठलेलेच उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढून निथळव आणि परत पसर. तांदळाचे मात्र फ्रीजरमध्ये टाकू नकोस, भुगा होतो.

सोलापूरची_चादर
सोड्याच्या पाण्यातला पास्ता केला. पातेलं लहान होतं, शेगडी घासतेय. पण पास्ता कोणी म्हणालं नाही.